मे महिन्यातला लोकरीचा कोट

हा माणूस वेडा आहे, हाच पहिला विचार माझ्या मनात आला. त्रेसष्ट सालचा मे महिना, दुपारचे अडीच, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं… आणि पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या बसथांब्यावरच्या एवढ्याशा सावलीत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या त्या तरुणानं अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड लोकरीचा कोट घातला होता. गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं.

मी हसले. तोंडाला पदर लावून वगैरे नाही, चांगली खळखळून हसले. माझा तरी काय दोष? सकाळपासून मी दुर्गच्या कापडबाजारात लोकरीचं कापड शोधत वणवण फिरले होते आणि प्रत्येक दुकानदार मला हसला होता. एकानं तर वायलचं ठाण पुढे टाकून विचारलं होतं की घरात कोणाला हिवताप आहे का. आणि इथे हा गृहस्थ अख्खी लोकर अंगावर घेऊन उन्हात हिंडत होता.

“हसून राहिल्या काऊन?” त्यानं विचारलं. रागावला नव्हता, खरंच विचारत होता.

नागपूरच्या कॉलेजात चार वर्षं राहून माझी बोली बरीच धुऊन निघाली होती. पण हसू आलं किंवा राग आला की घरचीच बाहेर यायची. “थंडी वाजून राहिली काय तुमाले?” मी म्हटलं.

“नाई. गरमी होते म्हनून घातला.”

मग त्यानं सांगितलं. तो कारखान्यात पोलादाच्या भट्टीवर होता. भट्टीचं दार उघडलं की समोर उभ्या माणसाला सुती कपडा पुरत नाही, लोकरच लागते, ती आग अंगापर्यंत येऊ देत नाही. कोट कोपरावर जळला होता, तो शिवायला न्यायचा होता. हातात धरला तर मणभर वजन, म्हणून अंगात घातला. एवढं सगळं तो अगदी शांतपणे बोलला, आणि घामाचा एक थेंब त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. मी त्या थेंबाकडेच बघत होते.

का कोण जाणे, मीही सांगून टाकलं. मला रशियाची शिष्यवृत्ती मिळाली आहे, धातूशास्त्र शिकायला चार वर्षं मॉस्कोला जायचं आहे, ऑगस्टच्या शेवटी निघायचं आहे, आणि वकिलातीनं पाठवलेल्या यादीत पहिलीच ओळ आहे जाड ओव्हरकोट, जो या साऱ्या मुलखात कुठे मिळत नाही.

त्यानं आपल्या कोटाची बाही चाचपून पाहिली. मग म्हणाला, “मंग तुमाले हाच लागन. जो आगीले आत येऊ देत नाही, तो थंडीले कायले येऊ देईन? बी.एस्सी. झाल्या ना तुमी?”

झालं! पहिल्या वर्गात पास झालेली मी, आणि भट्टीवरचा एक माणूस मला उष्णता शिकवत होता. त्यातून तो बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला. मी तोंड फिरवलं आणि तरातरा घराकडे निघाले. दहा पावलांवर मागून चपलांचा आवाज आला. क्वार्टरांची एक ओळ संपली, दुसरी संपली, आवाज मागेच.

मी वळले. “पाठीमागं काऊन येऊन राहिले?”

“मी कुटं पाठीमागं… रिगर फकिराजीच्या घरी जाऊन राहिलो. त्यायच्या घरच्या बाई भट्टीवाल्याइचे कोट शिवून देतात म्हने.”

“ते माझे बाबा आहेत.”

“हो काय?” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. “मंग रस्ता एकच हाय आपला.”

माझे बाबा, फकिरा खोब्रागडे, सत्तावन्न साली भंडाऱ्याहून इथे आले तेव्हा या जागी नुसतं माळरान होतं. क्रेननं अजस्र लोखंडी तुळया उचलायच्या आणि जागेवर बसवायच्या, हे रिगरचं काम. आई, गिरजाबाई, गावी विड्या वळायची. इथे आल्यावर तिनं शिलाई मशीन घेतली आणि बघता बघता भट्टीवरच्या कोटांची डॉक्टरीण झाली. तो जाड कपडा साध्या शिंप्याच्या हाताला जुमानत नसे. आमच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली माझं शिष्यवृत्तीचं पत्र चौकटीत घालून टांगलेलं. बाबा रोज सकाळी दोन्हींवरची धूळ पुसायचे. “आपल्या घरातून समुद्रापार शिकायले जानारी तू पह्यली,” एवढंच म्हणायचे, पण रोज म्हणायचे. आईचं म्हणणं वेगळं होतं. चार वर्षं पोरगी एकटी परमुलखात जाणार, तर निदान सोयरीक ठरवून जावं. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं. शिक्षण पुरं होईपर्यंत या घरात लग्नाचं नाव निघणार नाही.

त्याचं नाव कवडू रामटेके. कोट दोन दिवसांनी न्यायला आला तेव्हा मी मुद्दाम विचारलं की कवडूच का. तो म्हणाला, त्याच्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून तो जन्मल्याबरोबर त्याच्या मायनं, शकुबाईनं, त्याला शेजारणीला एका कवडीत विकलं आणि मग पोसायला म्हणून परत आणलं. आमच्याकडे असं करतात, म्हणजे मृत्यूला पत्ता लागत नाही.

“म्हणजे तुमची किंमत एक कवडी?” मी म्हटलं.

“हो ना. घेनारं कोनी भेटलं तं आजबी तेवढ्यातच देऊन टाकीन.”

आई मशीनवर होती. मशीन क्षणभर थांबली, मग जरा जास्तच जोरात सुरू झाली.

त्यानंतर कवडूचे कोट फार फाटू लागले. कधी बटण, कधी अस्तर, कधी खिसा. एकदा तर उसवलेली शिवण इतकी सरळ होती की आई म्हणाली, “हे भट्टीनं नाई, ब्लेडनं फाटलं.” तो पाण्याचा पेला तोंडाला लावून बराच वेळ पीत राहिला. पेला रिकामा होता, मला दिसत होता.

तो यायचा तेव्हा मी तयारीत बुडालेली असायची. पासपोर्टचे अर्ज, पोलीस चौकशी, देवीची लस, पत्र्याची पेटी, तिखट-हळदीच्या पुरचुंड्या. आणि रशियन भाषेचं पुस्तक. कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहिलेला, म्हणून भट्टीवर एक रशियन साहेब असायचे, त्यांच्याकडून ऐकून कवडूला वीस-पंचवीस शब्द येत होते. ते तो मला मोठ्या ऐटीत शिकवायचा. दावाय म्हणजे चल, कर. खराशो म्हणजे ठीक, छान. पदाझ्दी म्हणजे थांब, वाट पाहा. सगळे भट्टीचे शब्द. मी विचारलं, “अन् बाजारात भाजी घ्याची असन तं?” तो विचारात पडला. म्हणाला, “भाजीवाल्याले म्हना, दावाय. त्यानं देल्ली की म्हना, खराशो. पुरते की.”

त्याच्या टोपीला एक निळी काच लटकवलेली असायची. भट्टीतलं पोलाद उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही, त्या काचेतून बघतात. एक दिवस त्यानं ती डोळ्याला लावली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. मी म्हटलं, काय दिसतंय? तो म्हणाला, “एवढ्या उजेडाकडं तसंच कसं पाहाव…” आणि वाक्य अर्धं ठेवून गेला. मेला, वाक्य पुरं करायला काय झालं होतं? मी ते अर्धं वाक्य आठवडाभर मनातल्या मनात पुरं करत बसले.

जुलैत तो एक कंडम कोट घेऊन आला. वापरून विरलेले कोट कारखान्याचं स्टोअर चिंध्यांच्या भावात काढून टाकत असे, त्यातलाच एक. म्हणाला, भोकं टाळून कापलं तर तुमच्या मापाचा बसेल. आईनं तो खुंटीवर टांगला. शेजारच्या खुंटीवर कवडूचा कामाचा कोट होता, कॉलर शिवायला आलेला. दोन्ही सारखे, दोन्ही करडे, दोन्हींना तोच जळका वास.

दुसऱ्या दिवशी आई बोरसीला मावशीकडे गेली. जाताना म्हणाली, तो कोट उसवून ठेव, आल्यावर मी कापते. मला आपली घाई. जी मुलगी मॉस्कोला जाऊन धातूशास्त्र शिकणार, तिला काय दोन बाह्या कापता येणार नाहीत? मी कात्री घेतली. बाह्या आखूड केल्या, घेर कमी केला, पाठीला दोन चिमटे घेतले. कापड किती दाट, किती चांगलं, भोकं तर कुठेच नाहीत, याचं मला कौतुकच वाटलं. पहिला वर्ग माझा! कोट घालून मी आरशासमोर उभी राहिले. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती आणि मी लोकरीत गुंडाळलेली, घामाघूम, गिरक्या घेत होते.

दारात कवडू उभा होता. दुपारच्या पाळीला जाताना कोट न्यायला आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ लागला त्याला बोलायला. मला वाटलं, मी इतकी सुंदर दिसते आहे.

“खराशो,” तो म्हणाला. मग खुंटीवरचा दुसरा कोट काढून खांद्यावर टाकला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा घरी आले. हातपाय धुतले, चहा घेतला, मग आईला म्हणाले की तो रामटेके पोरगा दवाखान्यात आहे. भट्टीतून पळीभर पोलाद काढून बघतात, त्या वेळी ठिणग्या उडाल्या. हात भाजला. विरलेला कोट घालून गेला होता, कोपराला भोक होतं म्हणतात. एवढा हुशार पोरगा, तसल्या कोटात कामावर कसा गेला, बाबांना कळत नव्हतं.

मला कळलं. मी उठले, पेटीत घडी घालून ठेवलेला माझा कोट काढला, कॉलर उलटून पाहिली. उसवलेली होती. कवडूनं कॉलरच शिवायला दिली होती.

आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, ते जास्त वाईट होतं. नुसती म्हणाली, “त्यानं स्टोअरातून नवा मागतला असता तं जुना तिथं जमा करा लागला असता. जुना कुटून आनन? तू तं घालून उभी होती.”

सकाळी डबा घेऊन मी दवाखान्यात गेले. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरं बँडेज, आणि वर माझ्याकडे बघून हसणं चालूच. तिथे माझी सगळी कॉलेजची मराठी संपली.

“खोटं काऊन बोलले तुमी?”

“मी कुटं काय बोललो? खराशो म्हटलं.”

“हसू नका. मले रडू येऊन राहिलं.”

मग तो हसायचा थांबला. खिडकीकडे बघत म्हणाला, “तू आरशापाशी फिरून राहिली होती. एवढी खुश… मले वाटलं, आता सांगतलं तं ही कोट काढून फेकन अन् रडन. एका पाळीचाच तं प्रश्न होता.” पहिल्यांदाच तो मला तू म्हणाला होता. त्याला कळलंही नसावं.

मला जायचं होतं. ते पत्र आलं त्या दिवसापासून मी झोपेतही मॉस्को पाहत होते. आणि मे महिन्यापासून मला जायचं नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि त्या क्षणी त्यातलं एकच तोंडातून बाहेर आलं. मी म्हटलं, “मी जात नाही.”

कवडूचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. आवाज न चढवता म्हणाला, “माह्या या हातासाठी तू थांबली, तं हात बरा होईन, पन मले जनमभर ठनकन. तुह्या बाबाले मी कोन्या तोंडानं भेटू? भट्टीत काय होते थे आमाले नुसतं करता येते. काऊन होते, हे तू शिकून ये अन् आमाले सांग. जा तू.”

मी येताना आईच्या बटणांच्या डब्यातून एक वस्तू उचलून आणली होती. लहानपणी सारीपाट खेळायच्या कवड्या होत्या त्यात, त्यांतली एक. ती मी त्याच्या चांगल्या हातावर ठेवली.

“हे काय?”

“तुमचीच बोली होती. एवढ्यात देऊन टाकीन म्हणाले होते.”

त्यानं मूठ मिटली. कान लाल झाले. बराच वेळ मूठ तशीच, आणि मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल… पण बोलला ते भलतंच. “हे मी ठेवतो. माह्यापाशी राहीन. पन तू मोकळी आहे. तिकडं चार वर्सं म्हनजे थोडी नाईत. मन बदललं तं बदललं. मी तुले बांधून घेनार नाई.”

इतका राग आला! माणसानं चांगलं असावं, पण इतकं? मी डबा तिथेच ठेवून निघून आले. त्यानंतर महिनाभर तो आमच्याकडे फिरकला नाही. हात बरा झाला, कामावर गेला, हे बाबांकडून कळायचं. बाबांनी दवाखान्यातून आणलेल्या कंडम कोटाची राहिलेली चांगली लोकर आईनं माझ्या कोटाला आतून लावली. कवडूच्या कोटाची बात बाबांनी स्वतः स्टोअरात जाऊन मिटवली. काय सांगितलं कोण जाणे. मला फक्त एवढंच म्हणाले, “चूक माह्या घरातली होती.”

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुर्ग स्टेशनावर मला पोचवायला अर्धा सेक्टर लोटला होता. नागपूरपर्यंत बाबा सोबत येणार होते, तिथून पुढे दिल्लीची गाडी. पेटी गच्च भरली होती, कोट काही केल्या मावला नाही. हातात धरला तर मणभर वजन. तेव्हा घातला अंगात, वर झेंडूचे हार, आणि डब्याच्या दारात उभी राहिले. घामाच्या धारा लागल्या होत्या. बाबांबरोबरचे रिगर, भट्टीवरचे लोक, त्यांच्या बायका, सगळे मला बघून हसत होते.

आणि गर्दीच्या मागून तो आला. थेट डब्यापर्यंत. डाव्या हातावर भाजल्याचा गुळगुळीत डाग होता, मी तोच आधी पाहिला.

“थंडी वाजून राहिली काय तुमाले?” त्यानं विचारलं.

माझा महिनाभराचा राग कुठच्या कुठे गेला. गार्डानं शिट्टी दिली. आता मला बोलायलाच हवं होतं, आणि समोर आई होती, बाबा होते, सगळा सेक्टर होता. लग्नाचं नाव निघणार नाही म्हणून ठणकावणाऱ्या बाबांसमोर मी मराठीत काय बोलू? हिंदी तर सगळ्यांनाच येते. मग मला सुचलं. आमच्या दोघांची एक भाषा होती की! मी दारातून वाकले, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं,

“पदाझ्दी.”

फलाट गप्प झाला. अख्खा फलाट… रिगर, भट्टीवाले, त्यांच्या बायकासुद्धा. कोणी खोकलं नाही. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिला वर्ग म्हणे! ही सगळी माणसं सहा-सहा वर्षं रशियन साहेबांच्या हाताखाली काम करत होती. या शब्दाशिवाय त्यांचा एक दिवस जात नव्हता. मी माझ्या मनातलं ‘वाट पाहा’ त्या फलाटावर सगळ्यांना कळेल अशा भाषेत ओरडून सांगितलं होतं.

बाबा माझ्या मागे, डब्यातच उभे होते. मला वळून बघायचं धाडस होईना. त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा सावकाश.

“पोरी, हा शब्द मी रोज आयकतो. क्रेनले माल टांगला राहाते, खालून साहेब पदाझ्दी म्हनते. मंग आमी मान वर करून उभे राहातो. घंटाभर म्हना, दोन घंटे म्हना. जोवर माल जाग्यावर बसत नाई, तोवर कोनी हालत नाई.” ते थांबले. मग माझ्या खांद्यावरून वाकून खाली बघत म्हणाले, “आयकलं ना रे, रामटेके? मंग ऱ्हा उभा.”

कवडूनं सदऱ्याच्या खिशात हात घातला. काय आहे ते त्यानं दाखवलं नाही, नुसती मूठ धरून ठेवली.

“खराशो,” तो म्हणाला.

गाडी हलली. आई पदरानं डोळे पुसत होती आणि त्याच पदराआड हसत होती, हे मला अगदी स्पष्ट दिसलं. तो फलाटाबरोबर धावला वगैरे नाही. जिथे होता तिथेच, मान वर करून उभा राहिला, मी दिसेनाशी होईपर्यंत.

राजनांदगाव गेलं, डोंगरगड गेलं. बाबा वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं बराच वेळ कळ काढली आणि शेवटी न राहवून विचारलंच, “काऊन वं माय, एवढ्या गरमीत हा कोट नाई काढत?”

“काढते ना,” मी म्हटलं. “चार वर्षांनी.”